मुलीचा एच-इंडेक्स सहा आहे, हे कमी का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की शास्त्रज्ञांचे पेपर, त्यांची सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेले त्यांचे संदर्भ), इम्पॅक्ट फॅक्टर यांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर कळवा. १९ पत्रं आली. त्यांतली चार मेंदूविज्ञानाच्या आसपासची निघाली, म्हणून ती एकत्र घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी शास्त्रज्ञ नाही. गोव्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काम केलं. कोणाचा पेपर कोणी, कुठे, कशासाठी वापरला हे शोधून देणं हा त्या कामाचा मोठा भाग होता आणि त्यावर माझा अजूनही जीव आहे.

प्रश्न: माझी मुलगी मेंदूविज्ञानात पीएचडी करून, पुढे चार वर्षं परदेशात काम करून यंदा चवथीला घरी आली. उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर तिचं काम आहे. आता ती भारतात नोकरीसाठी अर्ज करते आहे. चवथीच्या जेवणाला आमच्या धाकट्या दिरांनी मोबाइलवर काढून सगळ्यांना दाखवलं: त्यांच्या मुलाचा एच-इंडेक्स १९, हिचा ६. तो नॅनो मटेरियल्समध्ये आहे. मुलगी काही बोलली नाही, अर्ध्या पानावरून उठली. तिचे नऊ पेपर आहेत. प्रत्येकापुढचा आकडा तिच्या नकळत उतरवून पाठवते: ४१, २३, १४, ९, ८, ६, ३, १, ०. मला यातलं काही कळत नाही. माझ्या मुलीनं दहा वर्षं फुकट घालवली का?
– एक आई, म्हार्दोळ

उत्तर: ताई, नाही. फुकट घालवली नाहीत. हे आधी सांगते आणि कारणं मागून, कारण तुमची शेवटची ओळ वाचून मी पत्र मिटलं ते बराच वेळ पुन्हा उघडवलं नाही.

आकडे उतरत्या क्रमानं लिहिलेत, बरं केलंत. आता वरून बोट ठेवून मोजत या: बोट ज्या क्रमांकावर, त्या पेपरला निदान तितकी सायटेशन्स हवीत. पहिल्या पेपरला ४१ सायटेशन्स, म्हणजे इतर ४१ पेपरांनी त्याचा आधार दाखवलाय. दुसऱ्याला २३. तिसऱ्याला १४. चौथ्याला ९, पाचव्याला ८, सहाव्याला ६. सहाव्या पेपरला निदान ६ हवीत, ती आहेत. सातव्यावर या. तिथे ७ हवी होती, आहेत ३. बोट सहावर थांबलं, म्हणून एच-इंडेक्स ६. एवढाच तो हिशेब. जॉर्ज हर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली तो सुचवला आणि बघता बघता तो जगभरच्या अर्जांत शिरला.

आता पहिल्या पेपरचे ४१ खोडून तिथे ४०० लिहा आणि पुन्हा मोजा. बोट तरीही सहावरच थांबतं. ४०० ऐवजी ४ हजार लिहा, तरी सहाच. आणि नऊ पेपर असलेल्या माणसाचा एच-इंडेक्स नऊच्या वर जाऊच शकत नाही, त्यानं कितीही मोठा शोध लावलेला असो. तुमच्या पुतण्याचे एकूण पेपर किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण १९ व्हायला किमान १९ पेपर लागतात. त्याचं काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त दोघांची वाट वेगळी आहे. उंदरावर एक प्रयोग उभा करायचा तर आधी प्राण्यांच्या नीतिसमितीची परवानगी, मग आठवडेच्या आठवडे उंदराला शिकवणं, त्याच्या मेंदूत केसाएवढ्या तारा बसवणं, तो बरा होईपर्यंत थांबणं, रोज त्याच वेळी नोंदी घेणं, आणि शेवटी मेंदूचे काप काढून तार हव्या त्या जागी होती की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ती जरा बाजूला निघाली तर त्या उंदराच्या सगळ्या नोंदी बाद. यातून तीन वर्षांनी एक पेपर निघाला तर ते चांगलं चाललंय असं समजतात. मेंदूविज्ञानात काम करणाऱ्याची तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या आणि पीएचडीला तेवढीच वर्षं झालेल्या माणसाशी करावी. पुतण्याशी नाही.

तुमची मुलगी ज्या हिप्पोकॅम्पसवर काम करते, त्याची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. १९५३ साली अमेरिकेत एका २७ वर्षांच्या तरुणाला अपस्मार थांबावा म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला तो नव्यानं भेटायचा. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ साली त्यावर पेपर लिहिला आणि स्मृती मेंदूत कुठे घडते याचा आजचा सगळा अभ्यास तिथून सुरू झाला. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो पेपर म्हणजे एक. फक्त एक. त्याच भागात, उंदीर अमुक एका जागी आला की पेटणाऱ्या पेशी जॉन ओकीफ आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं १९७१ साली एका छोट्या पेपरात मांडल्या. तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. नोबेल मिळालं २०१४ साली, ४३ वर्षांनी.

आता माझ्या हातातून गेलेली गोष्ट सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा झेरॉक्स महाग होतं आणि ई-मेल नव्हतंच. कोणाचा पेपर वाचायचा असला की शास्त्रज्ञ एकमेकांना पोस्टकार्ड पाठवत. छापील मजकूर असायचा, 'आपल्या अमुक पेपरची एक प्रत पाठवाल तर आभारी होईन', मधल्या रिकाम्या जागेत शाईनं नाव आणि साल. आमच्या संस्थेच्या टपालात ती कार्डं झेकोस्लोव्हाकियातून, पोलंडमधून, ब्राझीलमधून यायची. त्यांवरची तिकिटं शिपाईकाकांची मुलं जमवायची. एक वयस्क शास्त्रज्ञ ती कार्डं चपलेच्या खोक्यात साल लावून ठेवत. कोणी तरी दूर देशात आपला पेपर मागितला, हे त्यांना पुढे सायटेशन मिळो न मिळो, पुरेसं असायचं. ते सायटेशन बघायला आमच्याकडे सायन्स सायटेशन इंडेक्सचे खंड होते, बायबलसारख्या पातळ कागदाचे, मुंगीएवढ्या अक्षरांचे. ओळीखाली पट्टी धरून आणि भिंग लावून शोधायचं. एका माणसाची नोंद बघायला अख्खी सकाळ जायची. पण त्या सकाळी एक चांगलं व्हायचं: कोणी वापरला हे डोळ्यांखालून जायचं. आज आकडा एका टिचकीत येतो आणि त्याच्या आत कोणी बघत नाही.

म्हणून मी तुमच्या मुलीचा आकडा उघडला. पत्रात तिचं पूर्ण नाव होतं, ते इथे छापत नाही. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दुपार बसून तिसऱ्या क्रमांकाच्या पेपरची चौदाही सायटेशन्स एकेक करून पाहिली. तीन तिच्या जुन्या प्रयोगशाळेतल्याच सहकाऱ्यांची. सहा अशी, की प्रस्तावनेत एका विधानामागे पाच-सात जणांची नावं एका दमात देतात, त्यांत हिचं एक. एक आढावा घेणारा लेख. राहिली चार. त्या चारही पेपरांत हिचं नाव 'पद्धती' या भागात आहे. म्हणजे मेंदूचे काप जिवंत ठेवायची तिची रीत त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत करून पाहिली आणि पुढचं काम त्यावर उभं केलं. एकानं तर आख्खा परिच्छेद लिहिलाय: द्रावण किती थंड ठेवलं, कापताना पातं किती सावकाश चालवलं आणि तिच्या रीतीत कुठे किंचित बदल केला. एवढं बारकाईनं माणूस तेव्हाच लिहितो, जेव्हा त्यानं ते स्वतःच्या हातानं केलेलं असतं.

पद्धतीला सायटेशन्स मुळातच जास्त मिळतात, हेही सांगायला हवं. सगळ्या विज्ञानात सर्वाधिक सायटेशन्स मिळालेला पेपर आहे लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. प्रथिनं किती आहेत ते मोजण्याची एक रीत, बस. ३ लाखांवर सायटेशन्स. मेंदूविज्ञानात ज्यांची सायटेशन्स डोळे विस्फारणारी आहेत ते लंडनचे कार्ल फ्रिस्टन. त्यांचा एच-इंडेक्स २०० च्या पुढे गेला, त्यात मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करायची जी पद्धत त्यांनी दिली तिचा मोठा वाटा आहे. तेव्हा पद्धतीचं सायटेशन आलं म्हणजे शोध मोठा, असं नव्हे. पण ते काम कोणाच्या तरी हातात गेलंय, हे नक्की.

शेवटच्या पेपरापुढे ० आहे त्याची काळजी करू नका, तो यंदाचाच आहे. दुसऱ्यानं वाचायचा, प्रयोग करायचा, लिहायचं, छापून यायचं, यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

नोकरीच्या अर्जाबद्दल. एच-इंडेक्स विचारला असेल तर तिनं तो सरळ लिहावा, लपवू नये. काही निवड समित्या अजून आधी आकडाच बघतात, हे खोटं नाही. पण त्याखाली तीन पेपर निवडून प्रत्येकाबद्दल दोन-दोन ओळी लिहाव्यात: मी यात नेमकं काय केलं आणि ते पुढे कोणी वापरलं. जीवविज्ञानात प्रत्यक्ष राबलेल्याचं नाव पहिलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं शेवटी असतं. तिच्या नऊपैकी पाच पेपरांत तिचं नाव पहिलं आहे, ते ठळक करावं. आणि तिच्याकडून तो १४ वाला पेपर समजून घ्या. मेंदूचा काप हातात कसा धरतात, हे तिलाच विचारा. माझा अंदाज आहे की ती जेवण विसरून सांगत बसेल.

प्रश्न: 'जगातल्या सर्वोत्तम २ टक्के शास्त्रज्ञांत आपले अमुक' अशी बातमी दरवर्षी येते. हा पुरस्कार आहे का? त्यासाठी अर्ज करावा लागतो का? जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा म्हणजे त्यातला शास्त्रज्ञ मोठा, असं मुलांना शिकवावं का? आणि मेंदूच्या अभ्यासात गोमंतकीयाचं एखादं नाव सांगता येईल का?
– महाविद्यालयीन शिक्षक, कुडचडे

उत्तर: सर, पुरस्कार नाही आणि अर्जही नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या पेपरांच्या आणि सायटेशन्सच्या नोंदसंग्रहातल्या नोंदी घेऊन ही यादी करतात. त्यांच्या पहिल्या पेपराचं साल २०१९. एकच आकडा न घेता सहा गोष्टी एकत्र केल्या आहेत: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन काढलेला त्याचाच दुसरा प्रकार, आणि मग एकट्यानं लिहिलेल्या, पहिलं नाव असलेल्या, शेवटचं नाव असलेल्या पेपरांची सायटेशन्स. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स धरून आणि वगळून, असे दोन्ही हिशेब देतात. याद्याही दोन आहेत, संपूर्ण कारकिर्दीची एक आणि एका वर्षाची एक. बातमी बहुधा यांतली कोणती ते सांगत नाही. ते विचारायला हवं, कारण एका वर्षाच्या यादीत येणं आणि आयुष्यभराच्या यादीत येणं यांत फार अंतर आहे. शास्त्रं १७४ उपशाखांत वाटलेली आहेत. मेंदूवर काम करणारे बहुतेक 'न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसर्जरी' या खणात पडतात. म्हणजे उंदराच्या पेशीतला विद्युतप्रवाह मोजणारा माणूस आणि रोज पक्षाघाताचे रुग्ण बघणारा डॉक्टर एकाच रांगेत. ज्यांचं नाव येतं त्यांचं मी मनापासून अभिनंदन करते. पण ज्यांचं येत नाही त्यांच्याबद्दल ही यादी काही सांगत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय, कारण हा आकडा मुळात आम्हा ग्रंथालयवाल्यांच्या कामाचा. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली. पुढे ग्रंथालयांना त्याचा उपयोग झाला तो तुटपुंज्या पैशांत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला. समजा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर हवा आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये त्या जर्नलमध्ये जे लेख आले, त्यांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स घ्या आणि त्या लेखांच्या संख्येनं भागा. सरासरी आहे ती, सर. नेचर या नियतकालिकानं २००५ साली आपल्याच संपादकीयात कबूल केलं होतं की आदल्या वर्षीच्या त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधला ८९ टक्के वाटा फक्त २५ टक्के पेपरांचा होता. म्हणजे बाकीचे तीन चतुर्थांश लेख त्या मोठ्या आकड्याच्या सावलीत उभे. वर्गात ५ मुलांना ९८ गुण मिळाले म्हणून सहाव्याच्या प्रगतिपुस्तकात आपण ९८ लिहीत नाही ना? २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत पेशीविज्ञानाच्या वार्षिक संमेलनात जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा लिहायला घेतला. नेमणूक, बढती, अनुदान यांसाठी जर्नलचा आकडा माणसाला लावू नका, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मुलांना तो वाचून दाखवा. शिवाय खिडकी दोन वर्षांची. ओकीफ यांच्या १९७१ च्या पेपरची गोष्ट वर सांगितली, ती या खिडकीतून दिसलीच नसती.

गोमंतकीय नाव विचारलंत, तर मी दोन सांगेन. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, निजलेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला पुतळा तुम्ही शंभरदा पाहिला असेल. तो आबे फारिया यांचा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. फारिया १७५६ साली कांदोळीला जन्मले. संमोहनात गुंगी आणणाऱ्याच्या अंगी काही शक्ती नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनातून घडतं, हे त्यांनी पॅरिसमध्ये राहून सांगितलं आणि १८१९ साली पुस्तकात मांडलं. त्याच वर्षी ते गेले. हयातीत त्यांच्या वाट्याला चेष्टाच जास्त आली.

दुसरं नाव दामोदर कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा. धर्मानंद कोसंबींचे पुत्र. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पणजीत त्यांच्या नावानं विचार महोत्सव भरतो. ते मूळचे गणिती. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत हे काढायचं त्यांचं सूत्र १९४४ साली छापून आलं. जनुकांचे नकाशे करणारी संगणकप्रणाली उघडा, निवडीत 'कोसंबी' लिहिलेलं दिसतं. ते वापरणारे कित्येक जण मूळ पेपर उघडत नाहीत, त्याचा संदर्भही देत नाहीत. नाव पद्धतीत मिसळून गेलं की सायटेशन यायचं थांबतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी आणखी एक पेपर लिहिला. गुंतागुंतीचा संकेत (सिग्नल) थोड्या मुख्य भागांत कसा मोडायचा, याचं गणित त्यात आहे. डोक्यावर तारा लावून घेतलेल्या ईईजीच्या नोंदींतून मुख्य लहरी वेगळ्या काढताना हेच गणित कामी येतं. पण जग ते कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावानं ओळखतं, ज्यांनी ते कोसंबींच्या मागून मांडलं. हल्ली काही पुस्तकांत कोसंबींचं नाव तिसरं म्हणून जोडलेलं दिसतं. पहिल्यांदा ते तसं छापलेलं पाहिलं तेव्हा मी टेबलावरून उठून सहकाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.

प्रश्न: माझं आडनाव नाईक. गूगल स्कॉलरवर माझ्या नावाखाली कोळंबीच्या खाद्यावरचे दोन आणि सिमेंटवरचा एक पेपर दिसतो. मी मेंदूच्या एमआरआयवर काम करते. माझे दोन पेपर मात्र लग्नानंतरच्या नावामुळे वेगळेच पडलेत.
– पीएचडी विद्यार्थिनी, साखळी

उत्तर: बाय, नाईक, गावकर, कामत, फर्नांडिस, या आडनावांनी माझी अर्धी नोकरी खाल्ली. आज तासभर काढ आणि हे करून टाक. आधी ऑर्किडचा (ORCID) क्रमांक घे, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक. १६ आकडी असतो, फुकट मिळतो, २०१२ पासून आहे. नाव बदललं, संस्था बदलली तरी तो बदलत नाही. दोन्ही नावं त्यात नोंदव आणि यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना तो दे. मग गूगल स्कॉलरमधले परके पेपर काढून टाक आणि आपोआप भर पडण्याची सोय बंद करून, आधी मला विचार, अशी ठेव. स्कोपसमध्ये तुझी दोन खाती झाली असतील, ती एक करण्याची विनंती तिथेच करता येते. कोळंबीच्या पेपरची सायटेशन्स तुझ्या नावावर दिसत असताना अर्ज करू नकोस. चूक यंत्राची असली तरी समितीला ती तुझी वाटेल.

प्रश्न: मी अकरावीत आहे. अल्झायमरवरचा एक गाजलेला पेपर खोटा निघाला असं वाचलं. त्याला हजारो सायटेशन्स होती. मग सायटेशनवर विश्वास कसा ठेवायचा? माझ्या आजीला विसरायचा आजार आहे. ती मूळची चोडण बेटावरची. काणकोणच्या घरात बसून विचारते, 'रायबंदरची फेरी सुटली गो?' त्या खोट्या पेपरमुळे तिचं औषध लांबलं का?
– एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर: बाय, तू वाचलंस ते खरं आहे. २००६ साली नेचरमध्ये तो पेपर आला होता. अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार तरुण उंदरांना टोचला तर त्यांची स्मृती बिघडते, असा त्याचा दावा होता. २०२२ साली सायन्स या नियतकालिकानं शोधपत्रकारिता करून त्यातली छायाचित्रं फेरफार केल्यासारखी दिसतात हे पुढे आणलं, आणि २०२४ साली तो पेपर मागे घेतला गेला. तोवर त्याला २ हजारांवर सायटेशन्स झाली होती.

सायटेशन म्हणजे 'मी हे पाहिलं' एवढंच. 'मी हे तपासलं' असं ते सांगत नाही. त्या दोन हजारांतल्या बहुतेकांनी प्रस्तावनेत एक ओळ लिहून तो पेपर पुढे ढकलला असणार. ज्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि जमला नाही, त्यांतल्या अनेकांनी ते छापलंच नाही, कारण 'जमलं नाही' असा पेपर छापून आणणं अवघड असतं. मला वाईट वाटतं ते याचं. विज्ञानात ही दुरुस्ती व्हायला १८ वर्षं लागली, आणि तोवर त्या वाटेनं किती तरुण मुलं गेली असतील.

मेंदूविज्ञानात आणखी एक अडचण आहे. प्रयोगांतली संख्या लहान असते. २०१३ साली एका गटानं बरेचसे अभ्यास तपासून सांगितलं, की खरा परिणाम असला तरी तो पकडण्याची या अभ्यासांची ताकद साधारण २१ टक्केच भरते. म्हणून एखाद्या निष्कर्षापुढे मोठा आकडा दिसला की मी आधी बघते: दुसऱ्या कोणी, दुसऱ्या प्रयोगशाळेत, तेच करून पाहिलं का?

आजीच्या औषधाबद्दल. अल्झायमरमध्ये अमायलॉइडचा संबंध दाखवणारं काम या एका पेपराच्या फार आधीपासूनचं आणि अनेक प्रयोगशाळांमधलं आहे. सगळी इमारत त्या एका विटेवर नव्हती. त्या एका पेपरामुळे आजीचं औषध थांबलं, असं म्हणता येणार नाही.

पण तू आजीबद्दल लिहिलंस, म्हणून एक वेगळा पेपर सांगते. तो आपल्या गोव्यातलाच आहे. २००८ साली प्लॉस वन या नियतकालिकात आला. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाकडे प्रशिक्षण दिलेल्या गृहसल्लागार घरी जायच्या, त्यांच्या मागे समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ. त्या काय करायच्या, तर आजार म्हणजे काय ते घरच्यांना समजावायच्या, रुग्ण तोच प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा कसं वागावं ते दाखवायच्या, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यायला सांगायच्या. दुसऱ्या गटाला हीच मदत अभ्यास संपल्यावर मिळाली. पहिल्या गटात सांभाळणाऱ्या माणसांच्या मनावरचा ताण कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी लपवलं नाही, जसंच्या तसं लिहिलं. या पेपरची सायटेशन्स त्या २००६ च्या पेपरच्या जवळपासही नाहीत.

तो कोणालाही पैसे न देता वाचता येतो. इंग्रजी जड वाटेल, पण गृहसल्लागार काय करायच्या तो भाग तुला समजेल. तेवढा आईला आणि आजीला सांभाळणाऱ्या सगळ्यांना मराठीत सांग. आजी फेरीचं विचारेल तेव्हा 'इथे फेरी नाही' म्हणून तिला दुरुस्त करू नकोस. चोडणला उतरल्यावर घर किती लांब होतं, ते तिला विचार. कुठे अडलं तर पुन्हा लिही, मी तो पेपर समोर ठेवूनच उत्तर देईन.